चिघळणे

केस पेपरवर डॉक्टर इंग्रजीत लिहितात.
मी पेशंटला तोंडाने सांगते: चिघळलंय.
एकच गोष्ट, पण त्यांचा शब्द दुरून बघतो,
माझ्या शब्दाला वास येतो.

कोपरखैरणे, नागरी आरोग्य केंद्र, तळमजला.
अकरा वर्षं मी इथे पट्ट्या सोडते आहे.

गजानन मढवी, वय एकसष्ट, साखर तीनशे बारा,
उजव्या पायाचा अंगठा.
"काय नाय गो, खिला लागला."
कधी?
"झाला असंल म्हैना."
आधी हळद दाबली, मग तंबाखू,
मग कुणीतरी दिलेलं गुरांचं मलम,
आणि शेवटी मोजा.
मोजा सगळ्यात वाईट.
झाकलं की माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं.

रांगेतली माणसं हलके शब्द वापरतात.
डोक्याला ताप आहे नुसता, म्हणते एक बाई
आणि काखेत थर्मामीटर धरून बसते.
पारा अठ्ठ्याण्णवच्या पुढे जात नाही,
तो ताप त्याला कळत नाही.
आमचा शिपाई घरत दिवसातून नऊ वेळा वैतागतो.
वैतागात चहा पिता येतो, दुसऱ्याचा पेपर वाचता येतो.
कटकट पंख्याचीही असते,
भुणभुण पोरांची, मोबाइलसाठी.
आणि ज्या बाईला जाच म्हणायचं असतं
ती म्हणते, जरा त्रास आहे सिस्टर.
तेव्हा मी दार लोटून घेते
आणि तिला बाही वर करायला सांगते.

पण मी चिघळलो,
असं वाक्य मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.
चिघळते ती जखम. संप. प्रकरण.
घरतच्या पेपरात छापून येतं, वाद चिघळला,
जसं दूध नासतं तसं,
कुणाचा हात लागला नव्हता जणू.

मढवींचा वाद साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा.
दोन भाऊ, एक सातबारा,
मधे उभी केलेली पत्र्याची भिंत,
त्या भिंतीवर रात्री कुणीतरी मारलेला दगड.
खिळा त्याच पत्र्याचा.
हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या सुनेने सांगितलं.
ते एवढंच म्हणाले,
"त्याचा नाव काढू नको."
मी काढलं नव्हतं.

खपली काढू नये म्हणतात, जुन्या गोष्टींची.
इथे काढावी लागते.
वरून कोरडी, कडक, शहाण्यासारखी दिसते,
चिमटा लावला की खाली तळं.
मी सलाइनने धुते, ते छताकडे बघतात,
ओरडत नाहीत. साखरेने पायातलं दुखणंच खाल्लंय.
दुखलं असतं तर महिनाभर थांबले नसते,
असं मी म्हणते,
आणि मग वाटतं, कशाबद्दल म्हणाले मी हे.

एक दिवसाआड येतात.
कोण सोडतं तुम्हाला?
"रिक्षा."
जाळीतून गेट दिसतं.
गेटबाहेर एक जुनी स्कूटर, तिच्यावर हेल्मेट घालून बसलेला माणूस,
तसंच कपाळ, तशीच वाकडी मान.
रिक्षा चाळीस मिनिटं हेल्मेट घालून थांबत नाही.
मी बोलले नाही. पट्टीची गाठ थोडी सैल बांधली.

वाशीला अंगठा काढला. पाय राहिला.
पहिल्यांदा टाके दाखवायला आले तेव्हा
स्कूटर गेटच्या आत, झाडाखाली होती.
बोलतात की नाही, मला माहीत नाही.
हेल्मेट मात्र दोन होती.

दावा बेलापूरला चालूच आहे.
तारीख जवळ आली की साखर चढते.
आकडा मी पेपरवर लिहिते,
कारणापुढे रेघ मारते.
तो रकाना फार अरुंद आहे.